घाटावरचा माल, घाटाखालचा बाजार

चिखली, १० नोव्हेंबर २०२५

सकाळी नऊलाच बाजार समितीच्या आवारात पोचलो. दिवाळी आटोपली, पण सोयाबीनची आवक अजून आटोपलेली नाही. शेडखाली ढीग, ढिगाशेजारी उकिडवा बसलेला मालक आणि हर्रास सरकेल तसा सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका. खरेदीदार मूठभर दाणे उचलतो, तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट्कन फुटला तर माल वाळलेला, दबला तर ओला. ओल मोजायचं यंत्र शेजारच्याच टेबलावर आहे, पण पहिला निकाल दाताचा.

यंदाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. आवारातली बोली त्याच्या पुष्कळ खाली. अतिवृष्टीत भिजलेला डागी माल तर व्यापारी लांबूनच ओळखतो आणि पायानेच ढीग विस्कटून पुढं जातो. एका शेतकऱ्याला विचारलं, हमीभाव केंद्रावर का नाही नेला? तो म्हणाला, "नोंदणी करा, मग मेसेजची वाट पाहा. तोवर हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे कोण देईन साहेब?"

माझं काम या सगळ्याच्या पुढचं. गोदामात तारण पडलेल्या मालाची तपासणी. थप्प्या मोजायच्या, गोणीत नळी घालून नमुना काढायचा, ओल आणि कीड बघायची, नोंदवहीशी ताळा घालायचा. हंगामात बुलढाणा जिल्ह्याचे तेराही तालुके पालथे घालावे लागतात. तारण योजना चांगली आहे. पणन मंडळाच्या योजनेत बाजार समिती मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी देते. भाव वाढेपर्यंत माल धरून ठेवायची ताकद शेतकऱ्याला यावी हा हेतू. प्रत्यक्षात गोदामातल्या नावांमध्ये दहा-वीस पोत्यांचा धनी क्वचितच सापडतो. त्याचा माल आवारातूनच थेट ट्रकमध्ये चढतो.

ट्रक कुठं चालला, हे विचारायची मला खोड आहे. आज लातूर आणि अकोला ही उत्तरं मिळाली. व्यापारी भाव सांगतानाही "प्लँटचा भाव" सांगतो, म्हणजे तेल काढणाऱ्या कारखान्याच्या दारातला. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के, बाकी सगळी पेंड, आणि खरा पैसा त्या पेंडीच्या व्यापारात. चिखलीच्या वाट्याला दाणा येतो, धूळ येते आणि हमाली येते.

चिखली, १३ नोव्हेंबर

रात्री भाच्याचा फोन. बँक ऑफ बडोदाने त्याला फिजीला पाठवलंय, लौटोका शाखेत. प्रशांत महासागरातल्या त्या देशात ही बँक १९६१ पासून आहे, आणि आपलं आयुर्विमा महामंडळ त्याच्याही आधी, १९५६ पासून. ऊसतोडीच्या करारावर १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी माणसं तिथं नेली गेली. त्यांच्या नातवंडांची खाती आता आमचा पोरगा बघतो.

"मामा, इथं कर्ज द्यायचं तर आधी वारा कुठून येतो ते विचारतात," म्हणाला. मग समजावलं. विटी लेवू हे मोठं बेट, मधोमध डोंगर. आग्नेयेकडून येणारे वारे राजधानी सुवाच्या बाजूला भरपूर पाऊस टाकतात आणि पश्चिमेकडं कोरडे होऊन उतरतात. म्हणून पश्चिमेला ऊस, लौटोका-बा इथले साखर कारखाने, नांदीचा विमानतळ आणि उन्हासाठी आलेल्या पर्यटकांची हॉटेलं. ओल्या बाजूला सरकारी कचेऱ्या, बंदर, शिवणकामाचे कारखाने. उत्तरेच्या वानुआ लेवू बेटावर लंबासाचा साखर कारखाना. पूर्वेची बारकी बेटं खोबरं आणि मासळीवर. तीनशेवर बेटं, पण बँकेच्या हिशेबी विभाग चारच, आणि प्रत्येक विभागाचा धंदा वेगळा.

"आपल्या जिल्ह्याचं असंच एक पान करून द्या ना. इथल्या लोकांना दाखवीन."

झोपण्याआधी आकडे काढले. फिजीचं क्षेत्रफळ १८,२७४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. बुलढाणा जिल्हा ९,६६१ चौरस किलोमीटर, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. आणि माणसं २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार. देश म्हणून बसवला असता तर मोठा देश झालो असतो.

आपल्याकडे वाऱ्याच्या जागी घाट आहे. अजिंठ्याची डोंगररांग जिल्हा आडवा कापते. वर बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद, संग्रामपूर. जुन्या दप्तरात बालाघाट आणि पयनघाट अशीच वऱ्हाडाची वाटणी आहे. आजही सोयरीक जमवताना पहिला प्रश्न येतो, "घाटावरचे का घाटाखालचे?"

देऊळगाव राजा, २१ नोव्हेंबर

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या-हिरव्या जाळ्या. बालाजीच्या गावाची आता ही दुसरी ओळख. जालना इथून हाकेच्या अंतरावर आणि जालना म्हणजे बियाण्यांची पेठ. बद्रीनारायण बारवाले यांनी तिथं १९६४ मध्ये महिको काढली, मग कंपन्यांची रांग लागली. त्या कंपन्यांचं मिरची, टोमॅटो, काकडी, भेंडीचं संकरित बियाणं देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांतल्या शेडनेटमध्ये तयार होतं. देशात कुठंतरी कुणीतरी दहा ग्रॅमचं पाकीट फोडतो. त्याच्या कव्हरवर कंपनीचं नाव आणि टोमॅटोचं चित्र असतं, आमच्या गावाचं नसतं.

गोदामाचं काम दुपारीच संपलं, म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या नेटमध्ये शिरलो. आत उकाडा, पण स्वच्छता दवाखान्यासारखी. टोमॅटोच्या ओळी सुतळीने वर बांधलेल्या. चार वाजता बाया कामाला लागल्या. उद्या उमलेल अशीच कळी निवडायची. आज उमललेली चालत नाही, परवाची चालत नाही. चिमट्याने पाकळ्या आणि नराचा पिवळा शंकू एका झटक्यात उपटायचा, मधली बारीक दांडी मोडू द्यायची नाही. उद्या सकाळी बोटातल्या कडीत भरलेले नराच्या झाडाचे पराग त्या दांडीच्या टोकाला लावायचे. कळीच्या बुडाशी हिरवी दलं असतात, त्यातली दोन चिमट्याने कापून टाकतात. पुढं फळ पिकलं की देठाशी दोन दलं कमी दिसतात. ज्या फळाला सगळी दलं शाबूत ते आपोआप धरलेलं, ते फेकून द्यायचं.

एका बाईच्या हाताकडे बघत उभा राहिलो. बोलणं चालू, सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट चालू, आणि चिमटा एकदाही चुकत नाही. तिला विचारलं, शिकायला किती दिवस लागले? "शिकायचं काय त्यात, डोळे पाहिजेत. चाळिशीनंतर बाई कामाची नाही राहत इथं."

मालकाचा हिशेब सांगण्यासारखा आहे. मूळ बी कंपनीचं, भाव आधी ठरलेला, खरेदीची हमी. एकरी उत्पन्न सोयाबीनवाल्याला स्वप्नातही न दिसणारं. पण बी प्रयोगशाळेत शुद्धतेला किंवा उगवणीला उतरलं नाही, तर "सॅम्पल फेल" एवढा निरोप येतो आणि हंगामाची मजुरी डोक्यावर बसते. पैसेही निकाल लागल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी. तोवर मजुरीला पतसंस्था.

तरीही माझं मत असं, की घाटावर गेल्या पंचवीस वर्षांत उभा राहिलेला खरा उद्योग हाच. एमआयडीसीच्या कमानी पुष्कळ उभ्या राहिल्या. कमानीशिवाय उभा राहिलेला हा एक.

लोणार, २६ नोव्हेंबर

सिंदखेड राजाहून येताना दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखान्याची बंद धुराडी दिसते. भाच्याला लिहायला हवं, की साखर कारखाना बंद पडायला वादळच लागतं असं नाही. फिजीतला पेनांगचा कारखाना २०१६ च्या विन्स्टन चक्रीवादळाने मोडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. इथं वारासुद्धा सुटला नव्हता.

लोणारला माल थोडा, काम अर्ध्या तासाचं. मग विवराच्या काठावर गेलो. १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, उल्केने काळ्या बेसॉल्टमध्ये पाडलेला. अभ्यासक त्यासाठी जगभरातून येतात. २०२० हे इथलं गाजलेलं वर्ष, जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत नाव आलं.

मला मात्र इथला मेलेला धंदा जास्त खुणावतो. या पाण्यातून पूर्वी खार काढत. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर जमलेले थर गोळा करायचे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची प्रतवारी होती. साबण, काच, बांगड्या, कापड रंगवणं, पापड, सगळीकडं तो लागायचा. आईन-ए-अकबरीतही लोणारच्या साबण-काचेच्या सामानाची नोंद आहे. सोडा कारखान्यात बनू लागला आणि हा व्यापार विझला. आता साबण जिल्ह्यात बनतो तो खामगावच्या एमआयडीसीत, हिंदुस्थान युनिलिव्हरच्या कारखान्यात. त्याचा लोणारशी काडीचा संबंध नाही.

पर्यटन म्हणाल, तर माणूस सकाळी येतो, गोमुखाची धार आणि दैत्यसूदनाचं देऊळ बघतो, खाली डोकावतो आणि दुपारी जेवायला संभाजीनगरच्या रस्त्याला लागतो. रात्री मुक्काम करणारा पाहुणा मिळाला तरच गावाच्या हाती पैसा राहतो.

बुलढाणा, ३ डिसेंबर

काल नगरपालिकांचं मतदान झालं. मतमोजणी २१ तारखेला ढकलल्यामुळे चहाच्या टपरीवाल्यांचा हंगाम लांबला. सगळ्यांच्या बोटाला शाई आणि तोंडाला आकडेमोड.

या शहरात कारखाना नाही, रेल्वे नाही, मोठी बाजारपेठ नाही. थंड हवा बघून इंग्रजांनी कचेरी थाटली आणि जिल्ह्याचं ठिकाण झालं. १९०५ मध्ये खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. म्हणजे खालची श्रीमंत पेठ वरच्या कचेरीच्या हाताखाली आली. खामगावकरांना हे अजून पटलेलं नाही. स्वतंत्र जिल्ह्याची त्यांची मागणी अधूनमधून उठतच असते.

बुलढाण्याचा धंदा एकच, पैशाचा. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था आता राज्याबाहेरही पसरली आहे. गावोगावी गोदामं बांधून शेतमालावर कर्ज देणं हा तिच्या वाढीचा मोठा भाग. भांडवल लागतं तसं बंदरही लागतं, असं भाचा म्हणाला होता. इथं बंदर नव्हतं, म्हणून लोकांनी ठेवी गोळा केल्या.

पाण्याचं मात्र इथं नवल आहे. शहराजवळ मढला पैनगंगा उगम पावते, येळगावच्या धरणात अडते, मेहकरवरून पूर्वेला जाते आणि शेवटी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला मिळते. याच कड्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगेतून खाली पूर्णेत, पूर्णेतून तापीत, तापीतून अरबी समुद्रात. घाटावरची खडकपूर्णा ती वेगळी, ती गोदावरीकडची. जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी दोन समुद्रांना जातं. अडवायला मात्र वर फारसं कुणी थांबत नाही, आणि मार्चपासून टँकरच्या फेऱ्या ठरलेल्या.

खामगाव, ११ डिसेंबर

बोथा घाट उतरलो. ज्ञानगंगा अभयारण्याचा रस्ता. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ हजारो किलोमीटर चालून याच जंगलात मुक्कामी आला होता. त्याला मादी मिळाली नाही, प्रसिद्धी मिळाली.

घाट संपला की रान बदलतं, माती काळी होते, आणि जिनिंगच्या आवारात कापसाचे पांढरे डोंगर दिसू लागतात. खामगावचं सगळं चरित्र कापसाचं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते ६५, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडावर पडली. भुसावळहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुख्य मार्ग खामगावला चुकवून जलंब-शेगाववरून गेला, तर केवळ कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत १३ किलोमीटरचा फाटा टाकला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला. एका गावाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय! तो फाटा अजून चालू आहे.

आज जिनिंगमध्ये तास काढला. शेतकऱ्याची बैलगाडी गेली, पिकअप आली, बाकी क्रम तोच. गाडी काट्यावर, मग ग्रेडर कापसात कोपरापर्यंत हात घालतो आणि खालून मूठ काढतो. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. मुठीतला धागा दोन्ही चिमटीत ओढून लांबी बघतो, कवडी आहे का बघतो, ओलावा मोजतो. हमीभावाने खरेदी करणाऱ्या कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, नियम आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्याच्यावर गाडी परत. डिसेंबरच्या पहाटे दव पडतं, म्हणून शहाणा शेतकरी गाडी दुपारी आणतो.

क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ८,११०. सीसीआयला विकायचं तर 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर आधी नोंदणी. ज्याच्याकडे साधा फोन आहे तो शेजारच्या पोराच्या मागे फिरतो. आणि केंद्राने ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरचं आयात शुल्क माफ केलंय, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांत. एक म्हातारा काट्याशी बसल्या बसल्या म्हणाला, "अमेरिकेच्या लढाईनं मह्या पणज्याले पैसा देल्ला, अमेरिकेच्याच कापसानं मले बुडोलं." एवढा नेमका इतिहास मी वर्तमानपत्रात वाचला नव्हता.

खामगाव, १७ डिसेंबर

चांदीने किलोला दोन लाखांचा टप्पा ओलांडला. खामगावला रजतनगरी म्हणतात. देवळांचे गाभारे मढवणं, पालख्या, मूर्ती, भांडी यांसाठी लांबून गिऱ्हाईक येतं. आज मात्र पेढीवर शांतता. एक कारागीर पत्र्यावर ठोक देत होता, बाकीचे रिकामे. "भाव वाढला तर दुकानदार खूश अन् आम्ही घरी," म्हणाला. ज्यांची चांदी आधीपासून तिजोरीत होती त्यांची चंगळ आहे. ज्यांचं पोट हातोडीवर आहे त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

शेगाव, १८ डिसेंबर

गुरुवार. गर्दी असणारच. गजानन महाराज इथं २३ फेब्रुवारी १८७८ ला प्रथम दिसले, १९१० मध्ये समाधी घेतली. आज शेगावचं सगळं अर्थकारण त्या समाधीभोवती फिरतं: लॉज, रिक्षा, हार-प्रसाद, पेढे. संस्थानची शिस्त आणि स्वच्छता याविषयी वेगळं लिहायला नको, ती महाराष्ट्राला ठाऊक आहे. वाऱ्या-पारायणांच्या निमित्ताने आलेला माणूस मुक्काम करतो, हा लोणारपेक्षा मोठा फरक. दुसरा फरक मुंबई-हावडा लोहमार्गाचा. देव दोन्हीकडे आहेत, रेल्वे इथंच आहे.

कचोरीचंही तेच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने स्टेशनवर विकायला सुरुवात केली आणि फलाटावर थांबणाऱ्या गाड्यांनी तिचं नाव नागपूर-मुंबईपर्यंत नेलं. चटणी न घालता, तळलेल्या मिरचीबरोबर खाल्ली. मुगाच्या सारणाचा तिखटपणा हळूहळू चढतो.

सोनाळा, ता. संग्रामपूर, २९ डिसेंबर

शेगावहून उत्तरेला निघालं की खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही काठांना जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणली तर पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. किडनीच्या आजारांमुळे या भागाचं नाव जास्त ऐकू येतं. वान धरणातून नळयोजना आल्यापासून प्यायचं पाणी बरं झालं. शेती मात्र आभाळावर. काळीभोर, खोल, ओल धरणारी माती, कापूस, तूर, हरभरा. वरून दिसायला जिल्ह्यातली सगळ्यात देखणी जमीन हीच.

आणि मग अर्ध्या तासात सातपुडा जवळ येतो, पाणी गोडं होतं, संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहाराची फळं उतरून झालीत, मृगाची अजून झाडावर आहेत. व्यापारी बाग उक्ती घेतो, तोडणी-भरणी त्याची. क्रेट मोजले जात होते, ट्रक परराज्याचे. पलीकडे डोंगरात कोरकू, निहाल, भिल्लांची गावं. तिथून बायामाणसं तोडणीला उतरतात.

वाटेत भेंडवळ लागतं. अक्षय्य तृतीयेला वाघ घराण्याची घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला दाणे कसे सरकले त्यावरून पाऊस, पीक आणि भाव यांचं भाकीत सांगतात. तीनशेवर वर्षांची परंपरा सांगतात. माझा विश्वास नाही. पण त्या सकाळी आमच्या गोदामांतले फोन वाजतात हे मी दरवर्षी पाहतो. तुरीला तेजी सांगितली की तूर गोदामातून बाहेर निघत नाही. बाजार विश्वासावरच चालतो, मग तो भेंडवळवर असो की वायदेबाजारावर.

मलकापूर, ५ जानेवारी २०२६

जिल्ह्याचं पश्चिमेचं दार. रेल्वे, महामार्ग, दसरखेडची एमआयडीसी, तिथले रसायनांचे कारखाने. मका आणि कापसाची आवक भरपूर. वारं फिरलं की महामार्गावरच वास येतो. मालकांची पुढची पिढी मुंबई-पुण्यात, कामगार मोताळ्यापासून येतात. गोदामं भरलेली आणि नोंदी चोख, त्यामुळे लिहिण्यासारखं फार नाही. वैनगंगेचं पाणी ४२६ किलोमीटरच्या कालव्याने नळगंगेच्या धरणापर्यंत आणायच्या प्रकल्पाची इथं चर्चा आहे. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाची चर्चा करणारे आता आजोबा झालेत.

सिंदखेड राजा, १२ जानेवारी

जिजाऊंचा जन्मदिवस. लखुजीराजांच्या वाड्यापासून जिजाऊसृष्टीपर्यंत पाय ठेवायला जागा नाही. पुस्तकांचे स्टॉल यंदाही कपड्यांच्या स्टॉलपेक्षा जास्त. मराठी प्रकाशकांनी इथला एक दिवस बघावा.

गर्दीतून बाहेर पडून समृद्धी महामार्गाच्या फाट्यावर थांबलो. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा ५ जून २०२५ ला. जगाने सिंदखेड राजाचं नाव या रस्त्यामुळे ऐकलं ते १ जुलै २०२३ च्या पहाटे, बस पेटून २५ माणसं गेली तेव्हा. रस्ता उत्तम आहे, पण तो कुंपणातून जातो. फाटा सोडला तर शेजारच्या शेतकऱ्याला त्यावर चढता येत नाही. सोयाबीनचा ट्रक आता लातूर-नागपूरला लवकर पोचतो एवढंच. जो माल कच्चा जात होता तो आणखी वेगाने कच्चा जातो.

भाच्यासाठीचं पान आज लिहून टाकलं. खाली रेल्वे १८६० च्या दशकात आली आणि जिनिंग, पेठा, कारखाने, तीर्थाचा व्यापार तिच्या मागोमाग आला. वर ती अजून आलेली नाही. जालना-खामगाव मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळातली. देऊळगाव राजा, चिखलीवरून जाणारा सुमारे १६० किलोमीटरचा हा मार्ग. सर्वेक्षणं झाली, निम्म्या खर्चाला राज्य सरकारने होकार दिला. निवडणूक आली की मार्ग नकाशावर ठळक होतो.

चिखली, देऊळगावचे व्यापारी, शेतकरी कंपन्या आणि ग्रामपंचायतींनी आता नुसती गाडी मागू नये. मालधक्का कुठं असेल, त्याला लागून तेलाचा आणि बियाण्याच्या प्रक्रियेचा कारखाना काढायला जागा किती राखून ठेवणार, हे आराखडा पक्का होण्याआधी लेखी विचारावं. खामगावचा फाटा कापसासाठीच मागितला होता, म्हणून तो मिळाला.